शिबिराच्या दारातील कृपाचार्य

सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या गावाच्या नावाला लोकांनी ‘मिलिटरी’ हे उपपद अभिमानाने जोडलेले आहे. आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तेथील ४६ जवानांचे स्मारक ज्याने पाहिले आहे, त्याला या मुलखात बंदूक ही परकी वस्तू नव्हे हे निराळे सांगावे लागत नाही. पलटणीतून निवृत्त होऊन परतलेला माणूस सातारा-सांगलीकडे पुष्कळदा स्वतःच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक घेऊन एखाद्या बँकेच्या दारात पहाऱ्याला उभा राहतो. तो परवाना म्हणजे त्याच्या घरची चूल असते. असा एखादा माणूस, महिनोन्महिने झोप येत नाही म्हणून, मिरजेस मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला, आणि बांधाच्या तंट्यात ज्याने आपली अब्रू घेतली त्या भाऊबंदाला आपण आता जिता सोडणार नाही, असे बोलता बोलता अगदी शांतपणे सांगून गेला, तर ते ऐकणाऱ्या वैद्याचा धर्म कोणता?

कायद्याकडे पाहावे तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे १७ वे कलम, परवानाधारक विकल मनाचा अथवा अन्य कारणाने अपात्र आहे अशी खात्री झाल्यास, परवाना तहकूब वा रद्द करण्याचा अधिकार देते. मात्र ती खात्री कोणी करून द्यायची याविषयी ते कलम मौन पाळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचे २३ वे कलम रुग्णाला गुप्ततेचा हक्क देते, आणि दुसऱ्या कोणास इजा वा हिंसा होण्याचा संभव असेल तेव्हा, ती टाळण्यापुरती माहिती उघड करण्याची वैद्याला मुभा देते. मुभा देते; हुकूम करीत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली टॅरासॉफ खटल्यात संभाव्य बळीच्या रक्षणाचे कर्तव्य उपचारकावर टाकले, आणि न्यूयॉर्क राज्याने २०१३ च्या बंदूकविषयक कायद्यात अशा रुग्णाची वर्दी देण्याची सक्तीच केली. आपल्याकडे तो निर्णय वैद्याच्या विवेकावर सोडलेला आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न कचेरीचा कमी व धर्मविचाराचा अधिक आहे.

रोग्याच्या घरची गोष्ट बाहेर नेऊ नये, हे चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकाच्या शिष्याला बजावलेलेच आहे. परंतु मला या प्रसंगी चरकापेक्षा महाभारतातले सौप्तिकपर्व अधिक जवळचे वाटते. दुर्योधन मांडी भंगून पडला आहे, उरलेले तिघे वटवृक्षाखाली विसावले आहेत, आणि निद्रिस्त कावळ्यांना मारणारे घुबड पाहून अश्वत्थामा झोपलेल्या शत्रूंना मारण्याचा आपला बेत सांगतो. ऐकणारे कृपाचार्य त्याचे सख्खे मामा आहेत. ते जे करतात ते आजचा कोणताही चांगला उपचारक करील: पितृशोकाने ज्याचा ताबा सुटला आहे त्याच्याशी ते शांतपणे बोलतात, दैव आणि पुरुषकार यांची चर्चा करतात, धृतराष्ट्र, गांधारी व विदुर यांना आधी विचारू म्हणतात, निदान आजची रात्र झोप घे म्हणून विनवतात. भाचा ऐकत नाही. मग कृपाचार्य त्याच्या मागोमाग जातात आणि पांडवांच्या शिबिराच्या दारात, पळून येणाऱ्याची वाट अडवून उभे राहतात, शिबिराला आगही लावतात. ज्याने अधर्म अधर्म म्हणून ओळखला, बोलूनही दाखवला, त्याचे पाऊल बोलून झाल्यावर कोठे पडले, हे व्यासांनी निर्दयपणे दाखवले आहे. आपल्या मिरजकर वैद्याने पाच बैठकांत उत्तम समुपदेश केला आणि सहाव्या वेळी गुप्ततेच्या नावाखाली गप्प बसला, तर तो शिबिराला आग लावणार नाही हे खरे. पण दारात उभा असेलच.

तथापि वर्दी देणे म्हणजे माणूस धरून देणे, असा जो समज आहे त्याला उत्तरही त्याच पर्वात सापडते. पाच पुत्र गमावलेल्या द्रौपदीने शेवटी अश्वत्थाम्याचा प्राण नव्हे, तर त्याच्या मस्तकावरील मणी घेतला. त्या मण्यामुळे धारण करणाऱ्याला शस्त्राचे भय उरत नसे. मण्याचा व मनुष्याचा हा भेद आपल्या कायद्याच्या भाषेला अजून साधलेला नाही, कारण ‘विकल मन’ हा शब्द घातक हेतू आणि साधा आजार यांना एकाच दप्तरात बांधतो. आजारी असणाऱ्यांपैकी बहुतेक कोणाच्याच जिवावर उठत नाहीत, आणि बंदूक घरात असली तर अनेकदा पहिला धोका खुद्द तिच्या मालकालाच असतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. वर्दी आजाराची दिली जाऊ लागली, तर परवान्याच्या धास्तीने पलटणीतला माणूस उपचाराची पायरी चढणारच नाही, आणि मग ऐकायलाही कोणी उरणार नाही.

निवडणुकीच्या दिवसांत, छाननीनंतर ज्यांना सांगितले जाते ते परवानाधारक आपली बंदूक पोलीस ठाण्यात मुकाट्याने जमा करतात, पावती घेतात आणि निकालानंतर परत आणतात. त्यात कोणाची अब्रू जात नाही. मनाच्या वाईट हंगामात हाच शिरस्ता का नसावा? वैद्याने आधी रुग्णालाच सांगावे, त्याच्या संमतीने बंदूक हलवावी, तो नकारला तर जिल्हाधिकाऱ्यांना धोक्यापुरते, आणि धोक्यापुरतेच, कळवावे, आणि कळवले हे रुग्णापासून लपवू नये. याने विश्वासाला तडा जाईल, हे मी नाकारीत नाही. ती किंमत आहे, आणि ती वैद्याने उघड्या डोळ्यांनी मोजायची आहे.

कृपाचार्य त्या युद्धातून वाचले. ज्या गर्भावर अश्वत्थाम्याने अस्त्र सोडले होते, तो परीक्षित मोठा झाला तेव्हा, महाप्रस्थानाला निघताना, युधिष्ठिराने त्याला शिष्य म्हणून कृपाचार्यांच्याच हाती सोपवले. धनुर्विद्या शिकवता शिकवता त्या वृद्ध गुरूने कधी वटवृक्षाखालच्या त्या रात्रीविषयी शिष्याशी शब्द काढला असेल काय?