अपराध कोणता, अपघात कोणता?

लहान मुले असलेल्या घरात काही सांडल्यावाचून, फुटल्यावाचून किंवा कोणी धडपडल्यावाचून दिवस मावळत नाही. दुधाचा पेला कलंडतो, पिठाचा डबा उपडा होतो, आजोबांचा चष्मा पायाखाली येतो. घरातल्या वेदीवरील पवित्र मरियेची मूर्ती पुसायला गेलेल्या चिमुकल्या हातून मूर्तीचेच बोट तुटते. या गोष्टी इतक्या किरकोळ, की त्यांच्याविषयी नीतिशास्त्राच्या भाषेत बोलणे कोणाला अतिशयोक्तीचे वाटेल. तथापि न्याय, सत्य आणि क्षमा यांचे पहिले धडे मूल धर्मशिक्षणाच्या वर्गात जाण्याच्या कितीतरी आधी गिरवते. ते धडे त्याला स्वयंपाकघराच्या फरशीवर, सांडलेल्या दुधाच्या काठाशी उभे असताना, आईवडिलांच्या चेहऱ्यावर वाचायला मिळतात. म्हणून प्रश्न दुधाचा उरत नाही. मुलाच्या हातून जे नकळत घडले, त्याचा दोष त्याला द्यावा काय, आणि दिला तर कोणत्या मापाने, हा खरा प्रश्न आहे.

आपण व्यवहारात कोणते माप वापरतो, ते थोडे तपासून पाहावे. मुलाच्या हातून स्टीलचा पेला पडला, तर आपण मान वर करूनही पाहत नाही. काचेचा पेला पडला, की आवाज चढतो. लग्नात आहेर म्हणून आलेल्या संचातला पेला असेल, तर पाठीत धपाटा बसतो. आणि वडिलांचा मोबाइल पडून त्याची काच तडकली, तर त्या रात्री घरात कोणी धड जेवत नाही. हात तोच, वय तेच, निसटणेही तेच. बदलली ती केवळ वस्तूची किंमत. मुलाच्या कृतीचा न्याय आपण बाजारभावाने केला, आणि मुलाने तो निमूटपणे शिकून घेतला.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या नैतिक निर्णयबुद्धीवर १९३२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तो मुलांना दोन गोष्टी सांगतो. एका मुलाला जेवायला बोलावतात. तो दार ढकलतो. दारामागे खुर्चीवर तबक आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नसताना फडताळातला मुरंबा चोरून खाण्यासाठी वर चढतो, आणि त्याच्या हातून एक कप फुटतो. यांत अधिक खोडकर कोण? लहान वयाची पुष्कळ मुले पहिल्याकडे बोट दाखवीत, कारण त्याने पंधरा कप फोडले. थोडी मोठी मुले हेतूकडे पाहून दुसऱ्याला दोषी ठरवीत. पुढील संशोधकांनी या निष्कर्षात दुरुस्ती केली. हेतू स्पष्ट करून सांगितला, तर लहानग्यांनाही तो समजतो, असे त्यांना आढळले. परंतु पियाजेचे एक निरीक्षण आईबापांनी विसरू नये. मोठी माणसे स्वतःच नुकसानीच्या मानाने रागावतात, आणि त्यामुळे मुलांच्या मनातील ही मोजणी अधिक पक्की होते, असे त्याने सुचविले होते.

रागाचा स्वभावच असा आहे. ॲरिस्टॉटलने रागाला उतावळ्या नोकराची उपमा दिली आहे. धन्याची आज्ञा पुरती ऐकून न घेताच तो धावत सुटतो, आणि भलतेच करून बसतो. संत थॉमस अक्वायनस यांनी रागाचे विवेचन करताना हाच विचार स्वीकारला. राग बुद्धीचे ऐकतो खरा, पण अर्धेच ऐकतो. ‘नुकसान झाले’ हे वाक्य तो ऐकतो. ‘यात कोणाचा दोष आहे काय?’ हे पुढचे वाक्य कानी पडण्यापूर्वीच त्याचा हात उगारलेला असतो. दिवसभर राबलेल्या आईचा, किंवा विरार लोकलच्या गर्दीत चेपून संध्याकाळी घरी पोहोचलेल्या बापाचा राग समजण्यासारखा आहे. राग येणे हे पाप नव्हे. पण त्या रागाला आरोपी हवा असतो, आणि घरातला सर्वांत लहान जीव त्याला आयता सापडतो.

आरोपी शोधण्याची ही सवय आपण फार लवकर लावतो. रांगते बाळ पडले, की आजी जमिनीला चापट मारते, “हात् जमिनीला! आमच्या बाळाला पाडलं!” बाळ हसते, रडे थांबते. आजीच्या मायेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्या खेळात एक शिकवण दडलेली असते, की पडणे झाले म्हणजे कोणीतरी पाडणारा असलाच पाहिजे, आणि त्याला मार बसलाच पाहिजे. पुढे त्याच बाळाच्या हातून पेला पडतो, तेव्हा जमिनीची जागा त्याची पाठ घेते.

या बाबतीत कायदा घरापेक्षा अधिक शांतपणे विचार करतो. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार वयाची सात वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल स्वतःच्या कृत्यांना जबाबदार मानले जात नाही. पोप संत दहावे पायस यांनी १९१० साली प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी जे विवेकाचे वय सांगितले, तेही सुमारे सातच. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध मानले नाही. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही तो नियम तसाच ठेवला आहे. देशाचे न्यायालय ज्याला आरोपी करू शकत नाही, त्याला आपण स्वयंपाकघरात रोज आरोपी करतो.

कोणी म्हणेल, की बायबलातच मुलाला छडीची शिस्त लावण्यास सांगितले आहे. नीतिसूत्रांतील ते वचन अनेकांना पाठ असते. परंतु ते शिस्तीविषयी आहे. अपघाताविषयी मोशेच्या नियमशास्त्राने स्वतंत्र विचार केला आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात एक उदाहरण येते. दोघे शेजारी लाकडे तोडायला रानात जातात. एकाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि दुसऱ्याला लागून तो मरतो. मनात वैर नव्हते, हात मात्र निमित्त झाला. अशा माणसाने पळून जाऊन जीव वाचवावा म्हणून शरणपुरे नेमलेली होती, एकूण सहा. का? तर मृताचा आप्त संतापाने तापलेल्या हृदयाने पाठलाग करील आणि निरपराध्याचा जीव घेईल म्हणून. त्याच ठिकाणी आणखी एक आज्ञा आहे. शरणपुराकडे जाणारा रस्ता तयार ठेवा. माणूस दगावला असतानाही ज्या शास्त्राने निसटलेल्या हाताला आश्रय दिला, त्याचा दाखला देऊन फुटलेल्या पेल्यासाठी छडी उचलता येणार नाही.

हा रस्ता घरात बंद झाला, तर काय होते? मूल पळते, पण आपल्याकडे येत नाही. काचेचे तुकडे सोफ्याखाली जातात. दूध मांजराने सांडलेले असते. वहीवरची शाई धाकट्या बहिणीने ओतलेली असते. पाच वर्षांच्या मुलाला खोटे बोलण्याची हौस नसते, पण खरे बोलण्याची किंमत त्याने एकदा पाहिलेली असते. येथेच एक गंभीर गोष्ट घडते. पेला फुटणे हे पाप नव्हते. पाप होण्यासाठी जाणीव आणि संमती लागते, हे आपण लहानपणीच शिकलो आहोत. खोटे बोलणे मात्र मुलाने जाणूनबुजून निवडले. म्हणजे ज्या कृतीत पाप नव्हते, तिला आपण इतके भयंकर रूप दिले, की तिच्यापासून वाचण्यासाठी मुलाने पहिले खरे पाप शोधून काढले.

पुढे हेच मूल धर्मग्रामात पहिल्या प्रायश्चित्त संस्काराची तयारी करते. आपली पापे आठवायला सांगितली, की त्याला फुटलेली बरणी आठवते, मांजरावर घातलेला आळ आठवत नाही. कारण घरी बरणीबद्दल शिक्षा झाली होती आणि आळ पचून गेला होता. काही मुलांच्या मनात उलट असे भय बसते, की देवही आकाशातून फुटलेल्या वस्तूच मोजीत बसला आहे. परमेश्वराला आपण पिता म्हणतो. त्या शब्दात मुलाला प्रथम दिसतो तो घरातल्या पित्याचाच चेहरा. म्हणून पेला पडल्यानंतरचे ते दोन क्षण लहान नाहीत.

मग सगळेच ‘चालायचंच’ म्हणून सोडून द्यावे काय? तसे केल्यास मुलावर दुसऱ्या प्रकारचा अन्याय होतो. आपल्या हातांनी जगात काही घडते, काही बिघडते, आणि ते सावरताही येते, हे त्याला कळत नाही. मोशेचे नियमशास्त्र येथेही वाट दाखवते. एखाद्याने पेटवलेला विस्तव काटेरी झुडपांतून पसरत शेजाऱ्याच्या पिकापर्यंत गेला, तर विस्तव पेटवणाऱ्याने भरपाई करावी, असे निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे. तेथे शिक्षा नाही, भरपाई आहे. सांडणाऱ्याच्या हाती फडके देणे ही घरगुती भरपाई होय. काचा मोठ्यांनी उचलाव्यात, पाणी मुलाने पुसावे. नीट पुसले जाणार नाही, हे ठाऊक असूनही पुसू द्यावे. मात्र फडके देतानाचा आपला सूर शिक्षेचा असता कामा नये. शिक्षा माणसाला अपमानित करते, भरपाई त्याला कामाचा माणूस करते.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ सालच्या ६ जानेवारीस, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. आपल्या पद्धतीत त्यांनी मुलांच्या हाती काचेचे आणि चिनी मातीचे खरे सामान दिले. न फुटणारी भांडी मुलाला निष्काळजी करतात. फुटणारे भांडे त्याची चूक त्यालाच दाखवते, ओरडणाऱ्या माणसाची गरज उरत नाही, हा त्यामागचा विचार. तोच विचार आपल्या मातीत रुजविण्यासाठी ताराबाई मोडक यांनी आयुष्य वेचले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि १९५७ साली ते कोसबाडला नेले. वसईहून ही गावे फार दूर नाहीत. ज्या आदिवासी पाड्यांतील घरांत वस्तूंचीच वाण होती, तेथील मुलांवरही हा विश्वास टाकला गेला. आपल्या भरल्या घरांनी तो टाकायला कचरू नये.

अर्थात सगळीच मुले सगळ्याच वेळी निरपराध असतात, असे नव्हे. अपघात, हयगय आणि हट्ट या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. धावू नकोस असे सांगितल्यावर धावताना बरणी फुटली, तर ती हयगय. रागाच्या भरात बरणी आपटली, तर तो हट्ट. हयगयीला समज द्यावी, हट्टाला मर्यादा घालावी. पण दोन्ही ठिकाणी बोलणे होईल ते न ऐकण्याबद्दल किंवा आपटण्याबद्दल. बरणी दहा रुपयांची की हजाराची, याला त्यात जागा नाही. हा भेद आपण सातत्याने पाळला, तर मुलाला तो शिकवावा लागत नाही. आपल्या वागण्यातूनच तो त्याला उमगतो.

आणखी एक नियम आहे, आणि तो थेट आईबापांना लागू पडतो. नवे घर बांधशील तेव्हा छपराला कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असे अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात बजावले आहे. पेला टेबलाच्या कडेला कोणी ठेवला? उकळत्या चहाचे पातेले मुलाच्या हाताशी कसे आले? पाण्याने भरलेली बादली न्हाणीघरात उघडी का राहिली? रिमोटमधली बटणासारखी चपटी बॅटरी कुठे पडली होती? किरकोळ अपघात आणि प्राणावर बेतणारा अपघात यांत पुष्कळदा एका कठड्याचेच अंतर असते. भाजल्यास तूप, टूथपेस्ट किंवा बर्फ न लावता साधे वाहते पाणी वीस मिनिटे धरावे. बटण-बॅटरी गिळल्याचा संशय जरी आला, तरी तत्काळ रुग्णालय गाठावे, कारण ती अन्ननलिकेला दोन तासांतही इजा करू शकते. ‘मी काहीतरी गिळलं’ हे मुलाने वेळेवर सांगणे त्याच्या जिवासाठी आवश्यक असते. मार खाण्याच्या भीतीने जे मूल फुटलेला कप लपवायला शिकले, ते हेही लपवील.

संत लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहतो. मरिया आणि योसेफ काळजीने व्याकूळ होऊन त्याला शोधत फिरतात, आणि तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडतो. मरियेच्या तोंडून प्रथम निघतो तो प्रश्न. तू आमच्याशी असा का वागलास? आपले दुःखही ती त्याच्यापासून लपवत नाही. उत्तर तिला पूर्णपणे समजत नाही, तरीही ती ते ऐकून घेते आणि अंतःकरणात जपून ठेवते. नाझरेथच्या घराचा हा क्रम आपल्याही घरात आणता येतो. आधी ‘लागलं का रे बाळा?’, मग ‘काय झालं?’ आणि शेवटी ‘चल, आपण आवरू या.’ या तीन वाक्यांना मिळून अर्धे मिनिटही लागत नाही. तेवढ्या वेळात तो उतावळा नोकर उंबरठ्यावर थांबून पुरती आज्ञा ऐकून घेतो.

मुले मोठी होतील, तशा त्यांच्या हातून निसटणाऱ्या गोष्टीही मोठ्या होतील. परीक्षेतील अपयश, चुकीची मैत्री, बुडालेला पैसा, मोडलेला शब्द. त्या दिवशी ती कोणाकडे येतील, हे ती चार-पाच वर्षांची असतानाच बहुतांशी ठरलेले असते. शरणपूर कितीही सुरक्षित असो, तिकडचा रस्ता वापरात नसला तर त्यावर झुडपे वाढतात. सांडलेल्या दुधाच्या निमित्ताने तो रस्ता आपल्याला रोज साफ करता येतो.