बंदरातल्या बोटी

दोन वस्तू शेजारी शेजारी दिसल्या की त्यांतली चांगली कोणती हे ठरविल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. आमच्याकडच्या बैलबाजारात हे पाहावे. कुणी बैलाचे दात पाहतो, कुणी खूर, कुणी वशिंडावर थाप मारतो, आणि ज्याला बैल घ्यायचाच नाही असा माणूससुद्धा जाता जाता “डावा बरा” असे सांगून जातो. त्याला कुणी विचारलेले नसते. पण मत दिल्यावाचून पुढे गेलो तर काही देणे राहून गेले असे त्याला वाटत असावे.

असाच एकदा मी बोटींच्या बाजारात जाऊन पडलो. बाजार म्हणायचा तो आपला माझ्या भाषेत. विक्रीला तिथे काहीच नव्हते. आमचा कारंजा वर्धा जिल्ह्यातला, कापसाचा आणि संत्र्यांचा. लाडांच्या कारंज्याशी घोटाळा होऊ नये म्हणून कंसात ‘घाडगे’ लिहावे लागते. उरणजवळ समुद्रकाठी एक करंजा आहे. फरक एका कान्याचा. पण आमच्या कारंज्यापासून समुद्र शेकडो मैल दूर, आणि त्या करंज्याच्या दारातच तो उभा. तिथे माझा एक जुना विद्यार्थी बोटींची इंजिने दुरुस्त करतो. “गुरुजी, एकदा दर्या बघायला या,” असे त्याचे बोलावणे दोन-तीन वर्षे चालले होते. अखेर जूनमध्ये, शाळा उघडण्यापूर्वी, मी गेलो.

आपल्या किनाऱ्यावर त्या वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी होती. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो आणि माशांचा विणीचा काळही हाच. म्हणून साऱ्या बोटी खाडीत परतलेल्या. काही पाण्यात दोरांनी जखडलेल्या, काही काठावर ओढून टेकू देऊन उभ्या केलेल्या. मायामीला आणि जिनोआला बोटींची मोठी प्रदर्शने भरतात म्हणे. तिथे हौसेने मासे धरणारे लोक केबिनमधल्या गाद्या दाबून पाहतात. इथे प्रदर्शन आपोआप भरले होते आणि बघ्या मी एकटा.

माझ्या विद्यार्थ्याने एकेक बोट समजावून सांगितली. एक जुनी लाकडी बोट होती, मागच्या बाजूला दोन माणसे जेमतेम मावतील एवढी तिची केबिन. दुसरी लाकडीच, पण दुप्पट मोठी. तिला सहा सिलिंडरचे इंजिन, केबिनमध्ये निजायला फळ्या, वायरलेस, माशांचा थवा दाखविणारे यंत्र, आणि पोटात बर्फाचे खण. तिसरी फायबरची, गुळगुळीत. लाकडाला खारट पाण्यातली कीड पोखरते. फायबरला ती भीती नाही, वजन कमी, डिझेल कमी. पण लाकडी बोट जड असल्यामुळे लाटेवर जास्त स्थिर बसते, असे तो म्हणाला. केबिन उंच केली तर माणसांना आडोसा मिळतो, पण तीच केबिन वाराही धरते आणि जाळ्याची जागाही खाते. इंजिन मोठे असले तर वादळाची सूचना मिळताच लवकर परतता येते. मात्र त्याच्या डिझेलचा खर्च भागावा म्हणून मुळात लांब जावे लागते. एकही गुण असा नव्हता की ज्याची किंमत दुसऱ्या बाजूने मोजावी लागत नव्हती.

जुन्या बोटीपाशी एक म्हातारा सुतार फळ्यांच्या सांध्यांत काहीतरी ठोकून बसवीत होता. वाकून पाहिले तो कापसाची वात! ज्या कापसाच्या गाठी बैलगाडीतून जाताना मी लहानपणापासून पाहत आलो, तो कापूस इथे समुद्राला आत येऊ देत नव्हता. मला उगीचच अभिमान वाटला, आणि त्या जुन्या बोटीचा मी पक्षपाती झालो. माणसाचे मत कसे बनते याचा हा एक नमुनाच म्हणायचा.

तेवढ्यात विद्यार्थ्याने विचारले, “मग गुरुजी, कोणती चांगली?”

मी म्हणालो, “कशासाठी, ते आधी सांग.”

तो हसला. हसत हसतच म्हणाला, “हे तेव्हा विचारायला पाहिजे होतं गुरुजी!”

त्याच्या मनात डंख नव्हता. पण मला मात्र सारे आठवले. हा आणि याचा थोरला भाऊ, दोघेही माझ्या हाताखालून गेलेले. वडिलांची जमीन थोडी, त्यातून एका वर्षी कपाशी बुडाली. एकालाच पुढे शिकविण्याची ऐपत उरली. ते शाळेत आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, “गुरुजी, दोघांतला कोणता?” माझ्या हातात गुणपत्रिका होत्या. मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, “थोरला.” धाकटा वडिलांच्या मागे उभा होता, हे माझ्या नंतर ध्यानात आले.

पुढे वाईट काही झाले नाही. थोरला नागपूरला चांगल्या नोकरीत आहे. धाकटा ट्रॅक्टर दुरुस्त करता करता पनवेलला आणि तिथून करंज्याला पोचला. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून त्याला दुखणे कळते. म्हणजे माझे उत्तर बरोबर ठरले, असे कुणी म्हणेल. पण निकाल चांगला लागला म्हणून न्याय बरोबर होता असे होत नाही. दैव आणि त्या पोराची मेहनत माझ्या चुकीवर पांघरूण घालून गेली, एवढेच.

तर मग तुलना करूच नये काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. त्या बापापाशी एकाचेच पैसे होते. नाखव्यालाही एकच बोट घेता येते. जगात निवड करावीच लागते. माझी चूक निवडण्यात नव्हती. मी निवडीचा क्रम केला, ही चूक. “पैसे एकाचेच आहेत, थोरल्याला पुस्तकाची ओढ आहे, त्याला पाठवा, धाकट्याच्या हातात कसब आहे, त्याला त्या वाटेला लावा,” असे मी म्हणालो असतो तर निर्णय तोच राहिला असता, पण एक मूल खाली मान घालून घरी गेले नसते. निवड गरजेपुरती असते. क्रम मात्र माणसाला जन्मभर चिकटतो.

संध्याकाळी एका वृद्ध नाखव्याला मी तोच प्रश्न केला. ते म्हणाले, “बंदरान सगल्याच बोटी चांगल्या, मास्तर.” मग खाडीपलीकडच्या रेवसकडे बोट दाखवून त्यांनी ‘रामदास’ची हकिकत सांगितली. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ती आगबोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी, ते सांगत होते, आपली मासळी समुद्रात टाकून दिली आणि त्या जागी बुडती माणसे उचलून घेतली.

मी गप्प झालो. ‘कशासाठी’ हे विचारले म्हणजे न्याय झाला असे मला दुपारी वाटत होते. तेही अपुरेच होते. त्या होड्या मासळीसाठी बांधलेल्या होत्या. कुठल्याही प्रदर्शनात त्या ‘रामदास’शेजारी उभ्या केल्या असत्या तर माणसे नेण्याच्या कामी त्यांना कुणी विचारले नसते. आपण ज्या कामासाठी एखाद्याला मोजतो, त्या कामाबाहेरही तो बराच उरलेला असतो, आणि तो उरलेला भाग बंदरात दिसत नाही. आमचा वर्ग म्हणजे तरी काय? खाडीच. पोरे तिथे दोर बांधून उभी असतात, आणि आम्ही त्यांना नंबर देतो.

नंबर मी अजूनही देतो; नोकरीचा भाग आहे तो. पण वर्गात मोठ्याने वाचून दाखविणे सोडले आहे. दिवाळीला दोघे भाऊ कारंज्याला येतात. गेल्या पाडव्याला त्यांच्या ओसरीवर फराळाला बसलो असता त्यांचे वडील सहज म्हणाले, “गुरुजी, चकली चांगली की करंजी?”

दोन्ही पोरे माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी दोन्ही उचलल्या.