दगड धरलेला हात

सावकाश बसा. पाठ टेकवली तरी चालेल. मांडीवर कॅमेरा आहे असं समजा, पण त्याचं झाकण अजून काढू नका.

आपण न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅबिक्यू गावात आलो आहोत, चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांच्या घरी. घर कच्च्या विटांचं, मातीनं लिंपलेलं. १९४५ मध्ये त्यांनी ते विकत घेतलं तेव्हा अगदी मोडकळीला आलं होतं. अंगणाच्या भिंतीत एक दार आहे. त्या दारापायीच हे घर हवंसं वाटलं, असं त्या सांगत. ते दार त्यांनी आपल्या चित्रांत वीसहून अधिक वेळा रंगवलं. त्याच्यापुढे थोडं थांबा. आधी नुसतं दार दिसेल. मग भिंतीचा रंग. मग भिंतीवर ऊन किती वर चढलंय, ते.

आता स्टुडिओत या. मोठी खिडकी, खाली चामा नदीचं खोरं. बाईंची ऐंशी जवळ आलीय. त्या आपल्याकडे बघताहेत. नजर चुकवू नका.

कॅमेऱ्यासमोर बसणं काय असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांनी १९१७ पासून वीस वर्षांत त्यांची तीनशेहून अधिक छायाचित्रं काढली. काचेच्या प्लेटा, मंद उजेड. एकेका चित्रासाठी तीन-चार मिनिटं हलायचं नाही. आपणही तेवढा वेळ तसेच बसू. नाक खाजेल, खाजू द्या. पापणी लवेल. आपल्याला कुणी बघतंय ही जाणीव आधी चेहऱ्यावर येते, मग खांद्यांत उतरते, आणि बऱ्याच वेळानं हात सैल पडतात. मला वाटतं, स्टिगलिट्झ यांनी त्यांचे नुसते हात इतक्यांदा टिपले ते यामुळेच. चेहरा सावध होतो. हाताला तेवढं साधत नाही.

१९६६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी छायाचित्रकार जॉन लोएनगार्ड इथे आले. त्यांच्या एका छायाचित्रात बाईंचा चेहरा नाहीच. आहे तो हात, आणि बोटांत धरलेला त्यांचा आवडता दगड. त्या हाताशी रेंगाळा. सुरकुतलेली कातडी, गुळगुळीत दगड. बोटांची पकड बघा: घट्ट नाही, पण दगड सुटणारही नाही.

त्यांनी तो आपल्यापुढे धरलाय. कुठे सापडला, विचारा. त्या सांगतील तेवढं सगळं ऐकून घ्या.

मग झाकण काढा.