लाल ठिपका आणि साक्ष

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलाचा नुसता रंग पाहून कोणी विसार देत नाही; जबडा उघडून दात पाहिले जातात. दूरस्थ क्वेसारांच्या शोधातही तसेच आहे. आकाशाच्या विस्तीर्ण सर्वेक्षणांत कोट्यवधी ठिपके टिपले जातात. विश्वाच्या प्रसरणामुळे अतिदूरच्या क्वेसारचा प्रकाश तांबडा होऊन पोहोचतो; परंतु आपल्याच आकाशगंगेतील तपकिरी बटूही तसेच दिसतात, आणि संख्येने ते कितीतरी अधिक! म्हणून निवडक ठिपक्यांचा वर्णपट घेतात. इ.स. 2017 मध्ये जाहीर झालेला, 13 अब्ज वर्षांहून जुन्या प्रकाशाचा क्वेसार या कसोटीस उतरला.

ठिपक्याविषयी चूक झाली तरी ठिपक्याचे काही बिघडत नाही. आपण मात्र एका ऐकीव वाक्यावर ठरलेली सोयरीक मोडतो आणि त्यास सावधगिरी म्हणतो. अजाणतेपणी कोणाचे नुकसान होऊन पश्चात्ताप करावा लागू नये, यासाठी सूरह अल-हुजुरातमध्ये (49:6) बातमीच्या शहानिशेचा आदेश आहे. त्याच सूरहमध्ये (49:12) बदगुमानी व हेरगिरी यांस मनाई आहे. तेव्हा तहकीक म्हणजे गल्लीभर चौकशी नव्हे. ज्याच्याविषयी ऐकले, त्यालाच आदराने समोर बसवून विचारावे.