उद्घाटनानंतरचा संगणक

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांत संगणक बहुधा नारळ फोडून आला. 22 जून 2015 चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि शाळा डिजिटल करण्याची लाट उसळली. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेचा आणि संदीप गुंड या शिक्षकाचा दाखला राज्यभर दिला गेला. नांदेड-लातूरकडच्या गावांनीही पदरमोड करून लोकवर्गणी जमवली. कुठे प्रोजेक्टर आला, कुठे एलईडी टीव्ही, कुठे संगणक आणि प्रोजेक्टर एकत्र असलेला केयान. ही हौस खोटी नव्हती. पण वर्गणी एकदाच निघते आणि खर्च दरवर्षी येतो, हे तेव्हा कोणी वहीत मांडले नाही.

दोन शिक्षकांच्या, तीस-चाळीस पटाच्या शाळेचा हिशेब पाहा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर पडले नाही तर ती लवकर बसते. पडले तरी चार-पाच वर्षांत बदलावीच लागते. प्रोजेक्टरच्या जाळीत उन्हाळाभर फुफाटा साचतो, आतला दिवा तापून जातो. विंडोज 10 ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली आणि विंडोज 11 साधारण 2018 पूर्वीच्या यंत्रांना स्वीकारत नाही. म्हणजे त्या लाटेत घेतलेला संगणक चालू असूनही कालबाह्य ठरला. आणि हातात काय? समग्र शिक्षा योजनेचे संयुक्त अनुदान: तीस पटापर्यंत वर्षाला 10 हजार, शंभरपर्यंत 25 हजार. वीजबिल, इंटरनेट, पाणी, साहित्य, डागडुजी, स्वच्छता, सगळे त्यातच. बिल थकले आणि जोडणी तुटली, की डिजिटल वर्गाला कुलूप लागते.

एक विसंगती मात्र डोळ्यांत भरते. सरल, यू-डायस, शालार्थ, पोषण आहाराची रोजची नोंद, अपार आयडी ही माहिती वर पाठवणारी व्यवस्था सतत अद्ययावत होत राहते; तिच्यासाठी शिक्षक स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा डेटा खर्च करतात. मुलांपर्यंत उतरणारे तंत्रज्ञान मात्र आले त्या दिवसापासून जुने होत जाते. कारण उघड आहे. माहिती भरली नाही तर वरून विचारणा होते, वर्गातला पडदा काळा राहिला तर होत नाही.

उपाय शोधायला लांब जायला नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो आणि तो तीन वर्षांचा असावा, अशी केंद्राच्या आदर्श नियमांची अपेक्षा आहे. संगणकाची जागा तिथे आहे. यंत्र घेतानाच ते कोणत्या वर्षी बाद होईल, बॅटरी कधी बदलायची, बिल कोण भरणार, बिघडले तर कोणाला बोलवायचे, हे त्यात लिहावे. दात्याकडे दुसरा टीव्ही मागण्याऐवजी तीन वर्षांची देखभाल मागावी. त्या पैशावर पाटी लागत नाही, म्हणून तो मिळायला अवघड. पण पालकांची बहुसंख्या असलेल्या समितीने तो मागितला तर नाही म्हणणेही अवघड.

सॉफ्टवेअर निवडतानाही हीच कसोटी लावावी. दरवर्षी परवाना मागणारे, नेटशिवाय न उघडणारे अ‍ॅप छोट्या शाळेला परवडत नाही. जुन्या यंत्रावर लिनक्स चालते, लिब्रेऑफिस मराठीत वापरता येते, किविक्स या अ‍ॅपने मराठी विकिपीडिया नेटविना वाचता येतो. रणजितसिंह डिसले या शिक्षकाने परितेवाडीच्या शाळेत पुस्तकांना जोडलेले क्यूआर कोड पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर आले. पण रेंज नसलेल्या शाळेत तो कोड म्हणजे नुसता ठसा. तोच मजकूर शाळेतल्या पेन ड्राइव्हमध्ये असेल तर उपयोगाचा. किनवट-माहूरच्या पोरांच्या घरात गोंडी, कोलामी, गोरमाटी बोलली जाते. तिथे बाजारातल्या तयार धड्यांपेक्षा शिक्षकाने मोबाइलवर रेकॉर्ड केलेली आजीची गोष्ट जास्त कामाची, आणि तिला अपडेट लागत नाही.

तरीही सगळा भार एका शाळेवर टाकणे अन्यायाचे. केरळने शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअरवरची स्वतःची प्रणाली उभारली, ती 'काइट' ही सरकारी कंपनी सांभाळते, आणि 'लिटल काइट्स' गटांतून हायस्कूलची मुलेही यंत्रे हाताळायला शिकतात. आपल्याकडे केंद्रशाळेची रचना तयारच आहे. दर केंद्राला एक फिरता तंत्रज्ञ आणि सुट्या भागांची छोटी पेटी दिली, तर कितीतरी बंद वर्ग सुरू होतील.

आधी शिक्षकांची पदे भरा, मग संगणक, असे कोणी म्हणेल. पदे भरायलाच हवीत. ती मागणी सोडण्याचे कारण नाही. पण दहावी-बारावीच्या निकालांनी गाजलेल्या लातुरात पालक पैसे मोजून मुलांसाठी साधने विकत घेतात, आणि त्याच जिल्ह्यातल्या वस्तीवरच्या मुलाला शाळेतला पडदाच काय तो दिसतो. तो पडदा चालू ठेवण्याची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात नसेल, तर जिल्हा परिषदेने नवी खरेदी थांबवावी आणि आधी ती तरतूद करावी.