गाईसारखा गवय

सज्जनहो, पौष वद्य एकादशीला श्रीनिवृत्तिनाथांच्या यात्रेस आपण त्र्यंबकेश्वरी जातो. तेथून पश्चिमेस घाट उतरला की मोखाडा, त्यापुढे जव्हार. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचा हा मुलूख. नाचणी-वरईची शेती, उताराची जमीन. 'ती रानातली माणसं, आपल्यासारखी थोडीच!' असे कोणी सहज बोलून जातो. या 'सारखी' शब्दाचाच आज विचार करू.

न्यायशास्त्राची प्रमाणे चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमानाचा दृष्टांत असा. नगरातल्या माणसाने गवय कधी पाहिला नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, 'अहो, तो गाईसारखा असतो.' पुढे रानात तसे जनावर दिसते आणि 'हाच तो गवय' अशी ओळख पटते. आता पाहा हं, येथे गुरू कोण झाला? रानातला माणूस! नगरवासी शिष्य झाला.

पण गवय गाईसारखा असला तरी गाय नव्हे. भूमितीचेही तेच सांगणे. वारली घराच्या कुडावर तांदळाच्या पिठाने माणसे रेखतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहिला. एक त्रिकोण लहान, एक मोठा असला तरी कोन जुळले की ते समरूप. बाजूंची लांबी सारखी लागत नाही, प्रमाण सारखे लागते.

काव्यशास्त्र आणखी एक प्रश्न विचारते: सारखे, पण कशात? मुखाला चंद्राची उपमा दिली ती आल्हादापुरती. चंद्राचा डाग कोणी मुखाला चिकटवीत नाही. यास साधारण धर्म म्हणतात.

मग तुम्हाआम्हांत आणि त्या रानातल्या माणसात साधारण धर्म कोणता? बोली निराळी, देव निराळे, लग्नाची रीत निराळी. ते तसेच असू द्या. गीतेच्या सहाव्या अध्यायातील बत्तिसाव्या श्लोकात भगवंत सांगतात, की जो स्वतःच्या उपमेने दुसऱ्याचे सुख आणि दुःख जाणतो, तो परम योगी. साधारण धर्म हा!

१९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने लेकरे दगावली. ती बातमी वाचून किती जणांच्या हातचा घास थांबला? आपले मूल रात्री उपाशी रडते तेव्हा जे आतडे तुटते, तेच त्या आईचे तुटले. एवढी उपमा ज्याला लागू करता आली नाही, त्याने न्यायशास्त्र घोकून काय साधले?

तेव्हा यंदा त्र्यंबकच्या वाटेवर त्या मुलखातला कोणी भेटला, तर शेजारी बसवा, भाकर वाटून खा, आणि आधी त्याचे ऐका. गवयाची ओळख त्याच्याकडेच आहे.

रामकृष्ण हरि.