घासाघीस

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात अंधेरी किंवा बोरिवली स्टेशनाबाहेर घटकाभर उभे राहावे. झेंडूच्या पाटीशी, पणत्यांच्या ढिगाशी एकच संवाद चाललेला असतो. "मावशी, नीट लावा की भाव!" पाच रुपये सुटले की गिऱ्हाइकाचा चेहरा उजळतो. तेच गिऱ्हाईक पुढे मोठ्या दुकानात शिरते आणि छापील किंमत मुकाट्याने मोजते. समोरचा दुबळा असला की आपली घासाघीस रंगते. तो बलवान असला की आपली वाचा बसते.

काटकसर हा संसाराचा धर्मच आहे. तेव्हा चार पैसे वाचवू नयेत, असे कोण म्हणेल? प्रश्न एवढाच, की ते वाचले कुणाच्या नफ्यातून आणि कुणाच्या ताटातून?

पाण्याचेच पाहा. चाळीत एकाने नळाला मोटर लावली, की त्याचे पिंप भरते आणि शेजाऱ्याचा नळ सुकतो. त्याच्यापुरता हा फायद्याचाच सौदा! पण याच उपनगरांत, गोरेगावात, मृणाल गोरे यांनी साऱ्या वस्तीसाठी पाणी मागितले आणि लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटले. १९७२ साली महागाईविरुद्ध त्या आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासह हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तीही घासाघीसच होती. मात्र ती सरकारशी होती आणि सर्वांसाठी होती.

पुढे १९७५ साली बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारच्या घरांनी एकत्र यादी करावी, माल घाऊक आणावा आणि आपल्या हातांनी वाटून घ्यावा, अशी ही साधी रीत. तिलाही मोल पडतेच. वेळ द्यावा लागतो, पोती उचलावी लागतात. शिवाय अडल्या महिन्यात खात्यावर माल देणाऱ्या कोपऱ्यावरच्या वाण्याचे गिऱ्हाईक तुटते, हेही नाकारता येत नाही. कुणाचेच काही न जाता सर्वांचे भले व्हावे, असा सौदा संसारात विरळाच.

म्हणून कसोटी एकच ठेवावी, असे मला वाटते. जी सवलत मी मागतो आहे, ती चार शेजाऱ्यांसमोर मोठ्या आवाजात मागता येईल का? आणि ती त्यांनाही मिळाली, तर मला आनंद होईल का? होत असेल, तर ती मागणी न्यायाची. नसेल, तर ती नुसती हाव. मग तिला आपण व्यवहारचातुर्य म्हणोत वा आणखी काही.